इंजिनाला हवा हवी, पण गाळून

(वसई तालुक्यातील बागायतदारांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपणच सुचविलेला आहे. मागच्या खेपेस ठिबक संचाच्या देखभालीविषयी बोलून मी निघालो, तेव्हा एका तरुण बागायतदाराने मला रस्त्यात थांबविले. त्याने आपल्या भाजीच्या टेम्पोची हवेची मूळ पेटी काढून त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसविला होता. "साहेब, आता गाडी कशी उठते बघा," असे म्हणून त्याने रेस दिली. आवाज मोठा आला, हे खरे. शेजारी त्याचे काका उभे होते. ते म्हणाले, "आमच्या विहिरीवरच्या इंजिनाची तर डबीच काढून टाकलीय. तेही जोरात चालते. मग कंपनी ती डबी लावते कशाला?" उशीर झाला होता म्हणून मी तेव्हा विषय टाळला. काकांचा प्रश्न मात्र मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे चांगली इंजिने दोन हंगामांत भंगारात गेलेली मी पाहिली आहेत.

वसईच्या वाड्यांत पूर्वी विहिरींवर आणि बावखलांवर रहाट फिरत. बैल दमला की तो आपणहून थांबे. त्याचा श्वास फुलला हे डोळ्यांना दिसे. रहाट गेले, ऑइल इंजिने आली, मग विजेच्या मोटारी आल्या. आज बहुतेक वाड्यांत मोटारच पाणी देते. तरी वीज गेल्यावर उपयोगी पडावे म्हणून इंजिन ठेवलेले असते, पूर्वेकडच्या भातशेतीत पॉवर टिलर असतो आणि माल नेण्यासाठी टेम्पो किंवा पिकअप दारात उभी असते. या सर्वांना श्वास घ्यावा लागतो. फरक एवढाच की इंजिनाचा श्वास अडकला किंवा त्यातून धूळ आत गेली, तर ते बैलासारखे थांबत नाही. ते झिजत झिजत चालत राहते आणि आपल्याला कळते तेव्हा वेळ गेलेली असते.

प्रथम हवा किती लागते ते पाहू. इंजिन डिझेलवर चालते असे आपण म्हणतो, पण वजन केले तर त्याच्या पोटात डिझेलपेक्षा कितीतरी जास्त हवा जाते. एक लिटर डिझेल म्हणजे सुमारे ८३० ग्रॅम. पूर्ण भारावर ते नीट जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट हवा लागते, म्हणजे १६ ते १७ किलो. मापात सांगायचे तर जवळजवळ १४ हजार लिटर. आपल्याकडचे नेहमीचे ५ अश्वशक्तीचे, ८० मिलिमीटर बोअरचे व ११० मिलिमीटर स्ट्रोकचे इंजिन घ्या. त्याच्या सिलिंडरात साधारण ५५० घनसेंटीमीटर हवा मावते. ते मिनिटाला १५०० फेरे घेते आणि दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढते. म्हणजे मिनिटाला सुमारे ४०० लिटर. आठ तास पाणी दिले तर १ लाख ९० हजार लिटर हवा त्या लहानशा डबीतून गेली. वसई-विरारला पाण्याचा टँकर सर्वांच्या ओळखीचा आहे. दहा हजार लिटरचे एकोणीस टँकर ओळीने उभे केले, तर एका दिवसाची हवा होईल. 'छोटा हत्ती' म्हणून आपण ओळखतो त्या गाडीचे पहिले दोन सिलिंडरचे ७०२ घनसेंटीमीटरचे इंजिनही ३ हजार फेऱ्यांवर मिनिटाला हजार लिटरच्या आसपास हवा ओढते.

आता ही हवा कसली, ते पाहा. अर्नाळा, राजोडी, कळंब या किनाऱ्याच्या पट्ट्यात वाऱ्याबरोबर बारीक रेती आणि खारट दमटपणा येतो. पूर्वेला महामार्गाकडे खडी, वीटभट्ट्या आणि सतत चाललेली बांधकामे यांचा धुरळा. मळणीच्या दिवसांत भाताचा भुसा आणि कुसे. रेतीतील मुख्य खनिज क्वार्ट्‌झ, म्हणजे गारगोटी. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. सिलिंडरचे लायनर बिडाचे असते आणि बीड गारगोटीहून मऊ. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तो अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज करावा. डोळ्याला दिसणारा जाड कण फारसे वाईट करत नाही. ५ ते २० मायक्रॉनचा न दिसणारा कण त्या पापुद्र्यात शिरतो आणि तेलाबरोबर कानशीसारखा घासत राहतो. इंजिन खलास करायला पोतेभर धूळ लागत नाही, मूठभर पुरते.

झीज झालेल्या इंजिनाची लक्षणे आपण जाणता. सकाळी हँडल मारून हात दुखतो, ऑइल खाऊ लागते, निळसर धूर येतो, ब्रीदरमधून फुसफुस ऐकू येते. मग फिटर सांगतो की कॉम्प्रेशन गेले. लायनर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह बदलावे लागतात. तरीही डबी बसवायची राहिली, तर नवे लायनरही त्याच वाटेने जाते.

मग काकांचे इंजिन डबी काढल्यावर जोरात का चालले? कारण डबी तुंबलेली होती. तुंबलेल्या डबीतून पुरेशी हवा येत नव्हती, डिझेल अर्धवट जळून काळा धूर येत होता. डबी काढताच अडथळा गेला, धूर गेला, इंजिन मोकळे झाले. हा फायदा डबी काढल्याचा नाही, अडथळा गेल्याचा आहे. डबी धुऊन, नवे तेल घालून परत बसविली असती तरी तोच जोर मिळाला असता आणि लायनर वाचले असते.

तरुण बंधूच्या उघड्या फिल्टरविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण गाड्यांच्या शौकिनांमध्ये ही टूम बरीच आहे. डिझेल इंजिनात शक्ती किती मिळणार हे पंप दर स्ट्रोकला किती डिझेल देतो त्यावर ठरते. हवा त्या डिझेलला पुरेशी असली की झाले. पंपाचे माप तेच ठेवून नुसती हवा वाढविली, तर शक्ती जवळजवळ तेवढीच राहते. पेट्रोल इंजिनात हवा वाढली तर शक्ती थोडी वाढू शकते, पण तीही रेस पूर्ण दाबलेली असताना. अर्ध्या रेसवर हवेची वाट थ्रॉटलच्या झडपेनेच अडविलेली असते, तिथे फिल्टर कितीही मोकळा असून उपयोग नाही. वसईहून दादरला भाजी नेताना पूर्ण रेस किती वेळ देता येते, हे आपणच सांगा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मूळ पेटीची नळी बहुधा गाडीच्या पुढच्या बाजूने किंवा बाहेरून थंड हवा घेईल अशी नेलेली असते. ती काढून उघडा फिल्टर बॉनेटखाली ठेवला, की तो इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. हवा तापली की विरळ होते. ३० अंश सेल्सिअसची हवा ६० अंशांवर गेली तर त्याच मापात सुमारे ९ टक्के कमी हवा भरते. म्हणजे जोर वाढविण्यासाठी पैसे खर्चून कमी जोराची हवा विकत घेतली! आवाज वाढतो त्याचे कारणही सांगतो. ती मूळ पेटी नुसती गाळणी नसते. हवा धक्क्याधक्क्याने आत जाताना जो घोंगावणारा आवाज होतो, तो दाबण्याचे कामही ती करते. पेटी गेली की तो आवाज मोकळा होतो आणि कानाला वाटते की गाडीत दम आला. शिवाय तेल लावलेले कापडी फिल्टर मिळतात. त्यांना तेल जास्त झाले, तर ते नव्या गाड्यांतील हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर बसते आणि गाडी भलतेच माप घेऊ लागते. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर असा बदल दाखवून कंपनी दुरुस्ती नाकारू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

जुन्या फिल्टरमुळे डिझेल-पेट्रोल किती वाया जाते, असे पुष्कळजण विचारतात. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली हे मुद्दाम तपासून पाहिले. संगणकाने इंधनाचे माप ठरविणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर बराच तुंबला तरी इंधन विशेष जास्त लागले नाही. गाडीची उठाव घेण्याची ताकद मात्र कमी झाली. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंधनाचा खर्च २ ते ६ टक्क्यांनी वाढला. तेव्हा नवा फिल्टर टाकला की मायलेज धावत सुटेल, असे कोणी सांगितले तर त्यातले निम्मे सोडून द्यावे. फिल्टर बदलायचा तो इंजिन वाचविण्यासाठी.

जाता जाता एक गंमत. समुद्रसपाटीला हवा दाट असते. महाबळेश्वरला, सुमारे १३७० मीटर उंचीवर, तीच हवा बारा-तेरा टक्क्यांनी विरळ. म्हणजे आपल्या वसईकरांना उत्तम दाट हवा फुकट मिळते. ती थंड, कोरडी आणि गाळलेली इंजिनापर्यंत पोहोचवायची, एवढेच काम आपले. त्यासाठी करण्याजोगे काही बदल आहेत आणि ते मी जरूर सुचवीन.

विहिरीवरील इंजिन बहुधा पत्र्याच्या किंवा चटयांच्या बुटक्या खोपटात असते. दार बंद, खिडकी नाही. तासाभरात खोपट तापते, धुराच्या नळीच्या सांध्यांतून आलेला धूर आत घुटमळतो आणि तीच तापलेली, धूर मिसळलेली हवा इंजिन पुन्हा ओढते. येथे सुधारणेला मोठा वाव आहे. खोपटाला एका बाजूस खाली आणि समोरच्या बाजूस वर, छताजवळ, अशी हवेची तोंडे ठेवावीत. धुराची नळी बाहेर काढावी. हे माणसासाठीही आवश्यक आहे, कारण बंद खोपटातील इंजिनाच्या धुराने जीव जाऊ शकतो. मग एअर क्लीनरच्या तोंडाला नळी जोडून ती भिंतीबाहेर, धुराच्या विरुद्ध बाजूला न्यावी. ५ अश्वशक्तीच्या इंजिनाला अडीच ते तीन इंची पीव्हीसी नळी घ्यावी. एका सिलिंडरचे इंजिन हवा सलग ओढत नाही, गटागटा ओढते, म्हणून नळी अरुंद असून चालत नाही. मूळ तोंडापेक्षा बारीक नळी कधीही लावू नये. लांबी जमेल तेवढी कमी, बाक एक किंवा दोन. बाहेरचे तोंड जमिनीपासून डोक्याएवढे उंच ठेवून खाली वळवावे, म्हणजे पाऊस आत येणार नाही. तोंडाला तारेची जाळी लावावी. आपल्याकडे कुंभारमाशी मोकळी नळी दिसली की मातीचे घर बांधते आणि पावसाळाभर बंद राहिलेले इंजिन दिवाळीनंतर सुरू करताना ते ढेकूळ क्लीनरमध्ये येते.

ही नळी क्लीनरच्या अलीकडची आहे. तिच्या सांध्यातून थोडी हवा गळली तरी बिघडत नाही, कारण पुढे गाळणी आहे. क्लीनर आणि इंजिन यांच्यामधला भाग मात्र अगदी वेगळा. तिथे केसाएवढी फट असली तरी न गाळलेली हवा सरळ सिलिंडरात जाते. मग फिल्टर कितीही महागाचा असो, त्याचा काही उपयोग नाही. मी तपासलेल्या झिजक्या इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांचे फिल्टर ठीक होते. चीर गेलेली होती ती पुढच्या रबरी होजला, किंवा क्लिप ढिली होती, किंवा पॅकिंगच्या जागी कोणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. ही फट शोधायला कोणतेही यंत्र लागत नाही. होज काढून आत पांढरे फडके फिरवावे. फडके मातकट झाले तर धूळ आत जाते आहे. नक्की कोठून, हे पाहण्यासाठी होजच्या आतून सांध्याजवळ ग्रीसचे बोट फिरवून परत बसवावे. आठ-दहा तास इंजिन चालवून उघडल्यावर, फट असलेल्या जागी ग्रीसवर धुळीची रेघ उमटलेली दिसेल. विहिरीवरील लहान इंजिनासाठी याहून सोपी परीक्षा आहे. इंजिन मंद चालू ठेवून क्लीनरचे तोंड सपाट फळीने घट्ट झाकावे. हात लावू नये. इंजिन घुसमटून बंद पडले पाहिजे. चालतच राहिले तर ते दुसरीकडून श्वास घेत आहे.

तेलाच्या क्लीनरविषयी. हवा वरून खाली येते, वाटीतल्या तेलावर आपटून उलटी फिरते, जड कण तेलात राहतात आणि उरलेले वरच्या तारेच्या जाळीत अडकतात. वाटीत खुणेइतकेच तेल घालावे. कमी झाले तर धूळ धरत नाही. जास्त घातले तर इंजिन तेच तेल ओढून जाळू लागते आणि वेग आवरेनासा होतो. अशा वेळी डिझेल बंद करूनही ते थांबत नाही, हवेचे तोंड फळीने झाकावे लागते. वापरलेले काळे ऑइल वाटीत घालण्याची सवय पुष्कळांना आहे. ते सोडावे, इंजिनाला लागते तेच नवे ऑइल पुस्तकात सांगितल्याप्रमाणे घालावे. तेल दाट झाले किंवा तळाशी गाळाचा थर दिसला की बदलावे. मळणीच्या आणि कोरड्या नांगरटीच्या दिवसांत रोज संध्याकाळी झाकण उघडून बघावे, कारण भुशाने जाळी एका दिवसातही तुंबते. जाळी डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये खळबळून, पूर्ण निथळू देऊन बसवावी.

टेम्पो आणि पिकअपमध्ये कागदी फिल्टर असतो. त्याची काळजी उलटी, म्हणजे त्याला कमीत कमी हात लावावा. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो आणखी बारीक गाळतो, म्हणून रोज झटकण्यात तोटाच आहे. टायरवर आपटू नये, धुऊ नये. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर दाब अगदी कमी ठेवून, आतून बाहेर. नंतर आत दिवा धरून पाहावे. टाचणीएवढे भोक जरी चमकले तरी तो फिल्टर फेकावा. आपल्या खडीच्या रस्त्यांवर पुस्तकातली मुदत धरू नये, लवकर बदलावा. ज्या पिकअपला टर्बो आहे तिच्या बाबतीत आणखी दक्षता हवी, कारण टर्बोचे पाते फार वेगाने फिरते आणि गाळणीतून सुटलेले कण आधी त्याचीच धार खातात.

आता पाण्याचे. २६ जुलै २००५ आपण विसरलेला नाहीत. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी येऊन विरारपर्यंतच्या लोकल बंद पडल्या आणि मिठागरात अडकलेल्या कुटुंबांना बाहेर काढावे लागले, तेही लक्षात असेल. अशा दिवसांत गाड्यांची इंजिने पाण्याने कशी मोडतात, ते समजून घ्या. मघाच्या ५५० घनसेंटीमीटरच्या सिलिंडरात पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा असते फक्त ३५ घनसेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एवढेसे पाणी हवेच्या नळीतून आत गेले, तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आपल्या गाडीचे हवा घेणारे तोंड जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे आजच टेपने मोजून ठेवावे. ते चाकाच्या मध्यापेक्षा फार वर नसेल, तर पाण्यात गाडी घालू नये. उघडा फिल्टर बसविणाऱ्यांनी हे दोनदा मोजावे, कारण तो पुष्कळदा मूळ तोंडापेक्षा खाली येतो आणि पुढच्या गाडीने उडविलेले पाणीही त्याला पुरते.

गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. बहुतेक इंजिने पहिल्या बंद पडण्याने मोडत नाहीत, दुसऱ्या स्टार्टरने मोडतात. बॅटरीची तार काढावी, गाडी ढकलून उंचावर घ्यावी. फिल्टर भिजला असेल तर तो फेकावा. फिटरकडून इंजेक्टर किंवा प्लग काढवून इंजिन हाताने फिरवावे, पाणी बाहेर पडू द्यावे. ऑइल दुधासारखे झाले असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये. विहिरीवरील इंजिन बुडाले तरी हाच क्रम. पावसाळ्यापूर्वी एक कोरडा फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरात उंचावर ठेवावा. गोदामात ठेवल्यास उंदीर कागद कुरतडतात.

समोर आंब्याखाली मी तीन एअर क्लीनर आणून ठेवले आहेत. एक तेलाचा, एक टिलरचा आणि एक गाडीचा कागदी. त्यांतल्या एका होजला मुद्दाम चीर पाडलेली आहे. चहा झाल्यावर या आणि ती कोणती, ते फडक्याने शोधून दाखवा. ज्यांनी आपल्या इंजिनाची काढलेली डबी सोबत आणली आहे, त्यांनी ती इथेच धुऊन न्यावी, रॉकेल आणि नवे ऑइल ठेवलेले आहे.